एकच ठिपका

मिलिंदचं नख पाइपावर अडलं. मंगळवारची सकाळ, साडेदहाचा सुमार. अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या रस्त्यावर घरामागे त्याची पत्र्याची शेड होती. शेडच्या मधोमध एक्याऐंशी सालची येझदी मोटारसायकल लाकडी ओंडक्यावर छाती टेकून उभी होती. पुढचं चाक नाही, ते चाक धरणारा फोर्क नाही, हँडल नाही. आदल्या दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आणलेला फोर्कचा जुना सेट त्याने बाकावर सुटा करून मांडला होता. दोन पाइप, त्यांचे खालचे ॲल्युमिनियमचे दोन पाय आणि दोन्ही पाइप वर एकत्र धरणारी लोखंडी टी. जुना पाइप हातात आला की आधी नख फिरवायचं, डोळे नंतर, ही त्याची चाळीस वर्षांची सवय. क्रोमची चकाकी डोळ्याला फसवते, नखाला नाही. डाव्या पाइपाच्या वरच्या टोकाशी, जिथे टी त्याला आवळून धरते आणि गाडी जोडल्यावर जी जागा कोणालाच दिसत नाही, तिथे घसरत आलेलं नख थांबलं. मसुराच्या डाळीएवढी जागा सपाट होती. आणि तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर, सेंटर पंचने, लोखंडावर खूण करायच्या टोकदार छिन्नीने, मारलेला एकच ठिपका. त्याने हात काढून घेतला नाही. बाहेरून सिमेंटच्या मिक्सरचा ट्रक गेला, पत्रे थरथरले आणि थांबले. ती सपाट जागा त्याने ओळखली होती. ती त्यानेच कानशीने घासून केली होती, सत्तावीस वर्षांपूर्वी, दाराकडे पाठ करून.

ठिपक्याची पद्धत कॅम्प चारमधल्या त्या एका वर्कशॉपबाहेर फारशी कोणाला ठाऊक नव्हती. तिथले हेडमिस्त्री अनंता. अपघातात वाकलेला फोर्क पाइप प्रेसखाली दाबून सरळ करायचा, दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवायचा, डायल गेजची सुई हलते का बघायची (हलली म्हणजे बाक उरलाय), आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी वरच्या टोकाशी पंचने एक ठिपका मारायचा, असा त्यांचा नेम. ठिपका म्हणजे हा पाइप एकदा वाकून सरळ झालेला आहे. तोच पुन्हा वाकून आला तर प्रेसवर चढवायचा नाही, भंगारात टाकायचा. गिऱ्हाईक हुज्जत घाली, बाजूचे वर्कशॉपवाले हसत, पण अनंता मिस्त्री ऐकत नसत. 'दुसऱ्या वेळेला तो सरळ दिसतो,' ते मिलिंदला म्हणाले होते, 'आहे का नाही, ते गेजला पण कळत नाही. मग तुला कुठून कळणार?' मिलिंद तेव्हा वीस वर्षांचा होता, त्यांच्या हाताखाली नवा लागलेला. हे वाक्य आपल्याला झोंबलं होतं, हे त्याला आजही आठवत होतं. वाक्यापेक्षा शेवटचा प्रश्न जास्त.

नोव्हेंबर सत्त्याण्णव. हरिचंद्र काखेत पाइप घेऊन वर्कशॉपात आला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता आणि मिस्त्री जेवायला घरी गेले होते. हरिचंद्र पालेगावचा, शाळेत मिलिंदच्याच बाकावरचा. चिखलोलीच्या अंगाला त्याची भातशेती होती, आणि पंचक्रोशीत एकट्याची असेल अशी ती मरून रंगाची येझदी. दुसऱ्या दिवशी बदलापूरला चुलतभावाची हळद होती, आणि आज घराच्या वळणावरच बैलगाडीच्या चाकाला धडकून त्याने गाडीचा डावा पाइप वाकवून घेतला होता. नवा पाइप मुंबईहून यायला चार दिवस लागले असते. मिलिंदने पाइप हातात घेतला, नख फिरवलं, आणि त्याला ठिपका लागला. सहा महिन्यांपूर्वीचा, मिस्त्रींच्या हातचा. तेव्हाच नाही म्हणायचं होतं. पुढे कित्येक वर्षं तो स्वतःला सांगत राहिला की आपण मित्रासाठी केलं. पण शेडमध्ये एकटा असला, हाताला काम असलं आणि डोकं मोकळं असलं, की खरं काय ते त्याला आठवे. पाइप प्रेसवर चढवताना हरिचंद्र त्याच्या मनात नव्हताच. मनात सुई होती. ती पहिल्या फेरीला सात रेघा हलली, मग चार, मग दोन, मग एक. मग पाइप पुरता एक वेढा फिरला आणि सुई जागची हलली नाही. इतका सरळ पाइप त्याच्या हातून आधी कधी झाला नव्हता आणि पुढेही झाला नाही. मिस्त्रींना दोन ठिपके दिसू नयेत म्हणून त्याने बारीक कानशीने जुना ठिपका घासून टाकला आणि शेजारी नवा मारला. हरिचंद्र उलट्या ड्रमवर बसून कटिंग पीत होता.

'चालेल ना रे मिल्या?'

'डोळे मिटून चालव.'

'डोळे मिटून' हे दोन शब्द लोक रोज शंभरदा म्हणतात. गाडीवाले म्हणतात, शिंपी म्हणतात, औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा म्हणतो. मिलिंदने त्या दिवसानंतर ते कधी उच्चारले नाहीत, आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून आले की तो हातातलं काम एक क्षण थांबवतो.

हळद आटोपून हरिचंद्र सकाळी बदलापूरहून एकटाच परत निघाला होता. चिखलोलीच्या वळणावर गाडी रस्ता ओलांडून पलीकडे, पालेगावहून जाताना डावीकडे लागणाऱ्या, कापून पसरलेल्या भातात गेली. त्याबद्दल तीन म्हणणी होती. एक, रात्रभर नाचल्याने त्याला डुलकी लागली. दोन, आडवं कुत्रं आलं. तिसरं शेतात भारे बांधणाऱ्या बायकांचं. त्या म्हणाल्या, कुत्रं नव्हतं, माणूस जागा होता, आमच्याकडे बघून त्याने हातही केला. गाडीनेच मान टाकली. हरिचंद्रच्या बायकोने, काशीने, हे तिसरं म्हणणं धरलं. दहाव्याला ती प्रत्येकाला तेच सांगत होती, सहा महिन्यांचं पोट सांभाळत, कोरड्या आवाजात, 'गारीनं मान टाकली.' आठ वर्षांचा अल्पेश तिच्या पदराशी उभा होता. मिलिंद गर्दीत मागे होता. तो पुढे गेला नाही. मोडलेली गाडी बघायलाही गेला नाही. नंतर कानावर आलं की सांगाडा हरिचंद्रच्या गोठ्यात पडून आहे आणि पुढचा भाग कोणीतरी सोडवून नेला. कोणी, हे त्याने विचारलं नाही.

सप्टेंबरात अल्पेश टेम्पोत तोच सांगाडा घालून दारात आला. आता पस्तिशीचा, गळ्यात सोन्याची जाड साखळी, बिल्डरांना विटा-रेती पुरवण्याचा धंदा. 'काका, धर्मेशचं लगीन आहे डिसेंबरला. वरातीत पप्पांची गाडी सगळ्यात पुढं पाहिजे. मी चालवणार, आई मागं बसणार.' धर्मेश म्हणजे तेव्हा पोटात असलेला. मिलिंदने गाडीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. कॅम्प चारला तरुण पोरं आहेत, त्यांच्याकडे नवी मशिनं आहेत, असं काहीतरी तो म्हणाला. 'आईला बोललो मी तसं,' अल्पेश हसून म्हणाला. 'ती बोलते, मिलिंददादाच करतील. दुसऱ्या कोणाकडं दिलीस तर मी बसनार नाय. आता तिच्याशी कोण डोकं लावणार, सांगा.' मिलिंदने होकार दिला. मग तीन महिने त्याने इंजिन खोललं, टाकीचे पोचे काढले, वायरिंग बदललं, मागचं चाक नव्या तारांनी विणलं. पुढच्या भागाला तो शेवटपर्यंत हात लावत नव्हता. सामान मिळत नाही, असं तो अल्पेशला सांगे. ते खोटं नव्हतं, आणि त्याने फारसं शोधलंही नव्हतं.

मग सोमवारी मुकेशचा फोन आला. कॅम्प चारला मुकेशचं जुन्या स्पेअर पार्टांचं दुकान होतं; अनंता मिस्त्री होते ते वर्कशॉप त्याच्या बापाचं, ते बंद पडून वर्षं झाली होती. दुकानात मिलिंद पोहोचला तेव्हा अर्धी भिंत आधीच तोडलेली होती आणि मुकेश फुटपाथवर खुर्ची टाकून बसला होता.

'आओ मिलिंदभाई. येझदी का पूरा अगला सेट. एक नंबर माल.'

'कुठनं आला?'

'अरे साईं, माझ्याच डोक्यावर होता. बिल्डिंग तुटते ना, माळा खाली केला तर ही पेटी निघाली. बाबा बोलायचे, अनंता मिस्त्रीची अमानत आहे, हात नको लावू. आता बाबा पण नाही, मिस्त्रीला जाऊन बारा साल झाले. नवीन बिल्डिंगमध्ये माळाच नाही, मी अमानत कुठं ठेवू, बायकोच्या कपाटात?' तो स्वतःच हसला. 'तू त्यांचा चेला. तूच घेऊन जा, मला मोकळा कर.'

पेटी लाकडी होती, आत गोणपाट, आणि प्रत्येक भाग ग्रीस फासून कागदात गुंडाळलेला. ग्रीसने कागद इतका काळा झाला होता की एक अक्षर वाचता येत नव्हतं. मिलिंदला फक्त एवढंच वाटलं की विकायच्या मालाला कोणी इतकं जपून गुंडाळत नाही.

आता, मंगळवारी, बोट त्या सपाट जागेवर ठेवून उभं असताना उरलेलं सगळं जागच्या जागी येऊन बसलं. गोठ्यातून पुढचा भाग सोडवून नेणारा माणूस कोण होता ते. त्या माणसाने वरच्या टोकावरून नख फिरवलं असणार, आणि त्याचंही नख इथेच अडलं असणार. अनंता मिस्त्री त्याला कधी एका शब्दाने बोलले नव्हते. एकच बदल झाला होता, आणि तो मिलिंदने वयावर ढकलला होता. त्या नोव्हेंबरपासून सेंटर पंच टूलच्या फळीवर नसे, मिस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात असे. ठिपका मारायची वेळ आली की मिलिंदने जाऊन मागायचा. ते पंच देत आणि ठिपका मारून होईपर्यंत शेजारी उभे राहत. मग हात पुढे करत. नऊ वर्षं, दृष्टी जाईपर्यंत, रोज. रोज त्यांनी हात पुढे केला होता आणि रोज मिलिंदने त्या तळहातावर पंच ठेवला होता, आणि त्याला काही कळलं नव्हतं. की कळलं होतं?

त्याने पाइप व्ही-ब्लॉकवर ठेवला. गेज लावला, सुई शून्यावर आणली आणि दोन बोटांनी पाइप फिरवू लागला. पाव वेढा. अर्धा. सुई हलली नाही. त्याने गेज दोन इंच सरकवला आणि पुन्हा फिरवला, मग आणखी दोन इंच. दोन फुटांचा पाइप त्याने टोकापासून टोकापर्यंत अकरा जागी तपासला आणि अकराही जागी सुई मेल्यासारखी पडून राहिली. गेज बिघडला असेल म्हणून त्याने उजवा पाइप घातला. त्यात तीन रेघांचा बाक निघाला. डाव्यात काही नाही. सत्त्याण्णव साली प्रेसखालून निघाला होता तसाच.

बाकावर बसून तो हिशेब जुळवू लागला. पाइप सरळ आहे, म्हणजे अपघातात वाकला नाही. वाकला नाही, म्हणजे मान टाकली ती गाडीने नाही. मग डुलकी किंवा कुत्रं. मग तो सुटला. सत्तावीस वर्षांनी, एका मंगळवारी, चहाच्या वेळेला. पण पाइप वाकलेला असेल आणि अनंता मिस्त्रींनी तो पुन्हा सरळ केला असेल तर? तिसऱ्यांदा, आपलाच नेम मोडून, आपल्या हाताखालच्या पोराचं काम झाकायला? मग त्यांनीही ठिपका मारला नसता. आणि सरळ केला असेल तर इतका सरळ करणारे हात या भागात दोघांचेच होते. दोन्ही बाजूंनी पुरावा एकच होता, आणि तो म्हणजे न हलणारी सुई. गेजला पण कळत नाही, मग तुला कुठून कळणार. इतकी वर्षं आपण दोषी आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्यावर त्याचं दुकान, संसार, झोप सगळं उभं होतं, जसं घर वाकड्या जोत्यावरही उभं राहतं. आता ते पक्कंही राहिलं नव्हतं.

दुपारी त्याने खालचे पाय रॉकेलमध्ये धुवायला घेतले. डाव्या पायाच्या तळाशी जुन्या तेलाचा काळा गाळ घट्ट बसला होता. तार घालून खरवडताना गाळासोबत काहीतरी बाहेर आलं आणि रॉकेलवर तरंगलं. भाताचं तूस होतं. एकच, रिकामं, सोनेरी. तेलाने सडलं नव्हतं, काळं पडलं नव्हतं. चिखलोलीला आता भात होत नाही. त्या वळणावर बावीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, नव्या स्टेशनच्या जाहिराती आहेत, आणि जिथे भारे बांधणाऱ्या बायका उभ्या होत्या तिथे लग्नाचा हॉल आहे. धर्मेशचं लग्न त्याच हॉलमध्ये होतं. मिलिंदने तूस चिमटीत धरलं, पुसलं, आणि कुठे ठेवावं हे न सुचून सदऱ्याच्या खिशात टाकलं.

बुधवारी त्याने फोर्क जोडला. नवी सीलं, हँडलच्या बेअरिंगचे नवे कोन, नवं तेल, आणि डाव्या बाजूला तोच पाइप. अल्पेशला दुसरा पाइप शोधतो म्हणून सांगता आलं असतं. त्याने स्वतःला कारण दिलं की वेळ नाही. सगळे भाग असे बसले की हातोडीचा एक ठोका लागला नाही. जुनं सामान जुन्या गाडीला कधी असं बसत नाही, घासावं लागतं, पत्री घालावी लागते. हे बसलं, घरी आल्यासारखं. संध्याकाळी त्याने हँडल नीट मधोमध केलं आणि शेडला कुलूप लावलं. गुरुवारी सकाळी दार उघडलं तर हँडल पूर्ण डावीकडे वळलेलं होतं. जमीन उताराची असेल म्हणून त्याने लेव्हल ठेवून पाहिली. उतार होता, किंचित, पण उजवीकडे. त्याने हँडल सरळ केलं. तो अंघोळीला गेला आणि परत आला तेव्हा ते पुन्हा डावीकडे होतं. चहा घेऊन आलेली त्याची बायको मीनल दारात थांबली.

'ही सारखी तिकडं काय बघते हो?'

'केबल ओढतेय. नवी आहे.'

'केबल कुठं लावलीय तुम्ही अजून,' ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

केबल लावल्यावरही तेच. शुक्रवारी भर दुपारी तो गाडी घेऊन निघाला. सत्तावीस वर्षांनी त्या इंजिनाचा आवाज रस्त्यावर आला आणि चहाच्या टपरीवरचे दोन म्हातारे उठून उभे राहिले. चिखलोलीच्या वळणाआधी रस्ता मोकळा बघून त्याने दोन्ही हात सोडले. गाडी सरळ गेली. दोरी लावून आखल्यासारखी. वळण आलं, त्याने हात ठेवले, गाडी वळली, पुढे गेली, परत आली. त्याने हे चार वेळा केलं. चालताना तिच्यात काही खोट नव्हती. खोट होती ती उभी असताना; कोणी नसताना ती मान वळवून बघायची. परत येताना त्याला जाणवलं की आपण तोंडाने काहीतरी पुटपुटतोय. चालेल, चालेल, असं. तो रस्त्याच्या कडेला थांबला आणि घामाने ओले हात बराच वेळ पॅन्टला पुसत राहिला. परवा याच सीटवर मागे काशी बसलेली असेल. साठीला टेकलेली बाई, नऊवारी सावरून, एका बाजूला पाय सोडून.

शनिवारी सकाळी अकराला काशी आली. अल्पेशने तिला मोटारीतून उतरवलं. हातात पितळी ताट, त्यात हळद, कुंकू, झेंडूचा हार. 'लग्नाआधी आईला पूजेला आणलंय,' अल्पेश म्हणाला, आणि गाडी बघून पुढचं बोलायचं विसरला. गाडीभोवती दोनदा फिरून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, 'काका, तुम्ही वेडे आहात.' मग त्याचा फोन वाजला. मांडववाला होता. तो बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेला.

काशीने ताट बाकावर ठेवलं. ती गाडीच्या पुढे, डाव्या अंगाला आली. हँडल डावीकडे वळलेलं होतं, तिच्याकडे. तिने खाली वाकून डाव्या पायाच्या ॲल्युमिनियमवर अंगठा फिरवला आणि एका बारीक खाचेपाशी थांबली.

'हा तोच हाय,' ती म्हणाली.

मिलिंद एक पाऊल मागे सरला.

'दसऱ्याला हाराचा दोरा कापताना माझा कोयता निसटला व्हता. त्यांनी दिवसभर त्वांड केला माझ्याशी. तवाची खाच हाय ही.' ती सरळ उभी राहिली. तिचा चेहरा एकदम तरुण दिसत होता. 'कुठं गावला?'

'अनंता मिस्त्रींनी ठेवला होता. पेटीत.'

'मना वाटलाच व्हता. येनार म्हनून. बगा ना, त्याच्या लगनाला आला, ज्याना बापाचा तोंड बगितला नाय.' तिने हार उचलला. 'आता हाच राहू दे. दुसरा काय लावू नका.'

तिने हार घातला असता आणि ती निघून गेली असती. वरात निघाली असती, पोचली असती; बहुतेक काहीच झालं नसतं. सुई शून्यावर होती. मिलिंदला दिसत होतं की बाईला तिचा माणूस परत मिळालाय आणि आपण तो आत्ता, या मिनिटाला, पुन्हा काढून घेणार आहोत.

'वहिनी,' तो म्हणाला, 'हा पाइप दोनदा वाकला होता. दुसऱ्यांदा मी सरळ केला. करायचा नसतो. मला माहीत होतं.'

हार तिच्या हातातच राहिला. त्याने टीचे बोल्ट ढिले केले, पाइप दोन इंच खाली ओढला आणि ती जागा दाखवली. ठिपका म्हणजे काय, घासलेली जागा म्हणजे काय, सगळं सांगितलं. हेही सांगितलं की आज पाइप सरळ आहे, कदाचित तेव्हाही सरळच राहिला असेल, हे आता कोणालाच कळणार नाही. हे शेवटचं सांगताना त्याला स्वतःची लाज वाटली, पण ते खरं होतं.

काशी त्या जागेवर वाकली. मग तिने नख फिरवलं, अगदी मिलिंद फिरवायचा तसं, आणि ते अडलं.

'त्यांना म्हाईत व्हता?'

'नाही.'

'ते इचारले नाय?'

'विचारलं होतं. चालेल ना, म्हणाला.'

'मग तुमी?'

'डोळे मिटून चालव म्हणालो.'

रस्त्यावर अल्पेश मांडववाल्याला झापत होता. काशीने हार पुन्हा ताटात ठेवला, नीट, गोल करून.

'मी अल्पेशला धाडला तुमच्याकडं,' ती म्हणाली. 'का धाडला, मनाच ठाव नव्हता. इतक्या वर्सांत तुमी एकदाबी दारात आले नाय. एका बाकावरचा मानूस. मी म्हनायची, का येत नाय?' तिने पदराने हात पुसले. 'ह्यो पाइप काढायचा नाय. बोल्ट आवळा.'

'वहिनी, यावर मी तुम्हाला बसू देणार नाही.'

'मी कुठं बसते? कोनीच बसनार नाय. इंजान चालू करायचा नाय. पुढं गारी चालंल, नि तुमी धरून न्यायची. आमच्या दारापासून हालपर्यंत. मी बाजूनं चालीन.'

'आणि अल्पेश?'

'त्याला मी सांगन. माझं मन म्हनंल तवा.' ती दाराकडे वळली, थांबली, परत आली आणि ताटातली चिमूटभर हळद तिने डाव्या पाइपाला लावली. उजव्याला लावली नाही.

रविवारी दुपारी चार वाजता पालेगावातून वरात निघाली. आईचा नवस म्हणून गाडी हाताने न्यायची ठरली, असं अल्पेशने सगळ्यांना सांगितलं. त्याला तसंच सांगण्यात आलं होतं. पुढे बँजो पार्टी, मग ही मरून येझदी, तिच्या डाव्या बाजूला दोन्ही हातांनी हँडल धरून मिलिंद, उजव्या बाजूला काशी. मागे मोटारीत धर्मेश. जिथे जिथे जुनी माणसं होती तिथे ती पुढे येऊन टाकीला हात लावत होती. पहिला किलोमीटर काही जाणवलं नाही. पालेगावच्या नव्या इमारती संपल्या, रस्ता चिखलोलीला लागला, आणि हँडल त्याच्या तळहातात हळूच फिरलं. डावीकडे. त्याने ते सरळ केलं. ते पुन्हा फिरलं, जोर नव्हता, धसका नव्हता. झोपेतला माणूस कुशीवर वळतो तसं. काशी त्याच्याकडे बघत नव्हती. ती हँडलकडे बघत होती. हॉलची कमान वळणाच्या पुढे होती, अजून शंभर पावलं, पण गाडीला वळणावरच आत जायचं होतं, जिथे आता पत्र्याचं कुंपण होतं आणि कुंपणामागे अजून काही उभं राहिलं नव्हतं. त्याने मनगटं आवळली. सकाळी लग्नाच्या सदऱ्याच्या खिशात आठवणीने ठेवलेलं तूस छातीला टोचत होतं. बँजोवाल्यांनी लय वाढवली, पोरांनी मूठमूठ भंडारा हवेत उधळला, आणि पिवळा धुरळा त्याच्या तोंडावर आला. डोळे चरचरले, पाण्याने भरले. पुसायला हात मोकळा नव्हता. हँडल ओढत होतं, आणि त्या ओढीवरून त्याला पाइप कळत होता, वरच्या टोकापासून खालपर्यंत, एक एक इंच, कोणत्याही गेजने कधी दाखवला नव्हता तसा. काशीने आपला हात हँडलच्या उजव्या मुठीवर ठेवला, ओढायला की धरायला हे त्याला समजलं नाही. वळण आलं. त्याने डोळे मिटले नाहीत.